निकाल आधी, कारणं मागून

रास्तबाईंचं खरं नाव विजेच्या बिलावर छापून येई, तेवढंच. एरवी ओळखणारे आणि न ओळखणारे, सगळे त्यांना रास्तबाईच म्हणत. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची एक साइट होती. तिच्यावर कुणी चावीचा फोनो, म्हणजे जुना ग्रामोफोन, विकायला काढला, की घेणारा आधी बाईंच्या फोनवर फोटो पाठवी आणि खाली एकच ओळ लिही, "बाई, रास्त काय?" मग बाई सांगतील तो भाव. विकणाऱ्याने आभाळाला हात लावणारी किंमत टाकलेली असो, नाहीतर अडगळ जावी म्हणून मातीमोल, बाईंचा आकडा आला की दोन्हीकडची घासाघीस थांबे. दोघंही थोडे थोडे खट्टू होत. "दोघांचीही तोंडं वाकडी झाली म्हणजे समजायचं, भाव रास्त आहे," असं बाई म्हणत. हे वाक्य मूळचं त्यांचं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याचं होतं.

नवरा मिस्त्री होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. आधी फोनो दुरुस्त करायचा, मग फोनो राहिले नाहीत तेव्हा शिलाई मशीन, घड्याळं, पंखे, जे येईल ते. पण मन फोनोतच. बाई कॉलेज शिकलेल्या, हिशोबाची नोकरी करणाऱ्या. लग्न करून आल्या आणि संध्याकाळी त्याच्या टेबलाशी बसून बसून तेच शिकल्या. तो सांगे, "तोंड बघू नकोस. तोंड धुऊन सगळेच येतात. पेटीचा तळ बघ, कर्ण्याची मान बघ, स्क्रूची डोकी बघ." आणि सगळं बघून झालं की तबकडी न लावता पूर्ण चावी द्यायची, यंत्र सोडायचं, आणि ते फिरून फिरून थांबेपर्यंत कान देऊन ऐकायचं. "मरताना मशीन खोटं बोलत नाही," तो म्हणे.

तो गेल्यावर बाईंनी दुकान बंद केलं, पण टेबल हलवलं नाही. त्याच टेबलावर फोन ठेवून त्या लोकांचे फोटो बघत, आणि विकणाऱ्याकडून यंत्र थांबेपर्यंतचा आवाज मागवून घेत. त्यांच्याकडे निकाल तीनच. असल, म्हणजे कारखान्यातून जसा निघाला तसा. दुरुस्त, म्हणजे काही बदललंय, पण प्रामाणिकपणे. आणि जोडकाम. नव्या पितळेचा झगझगीत कर्णा, कुठल्याशा पेटीतलं यंत्र, सुई धरणारा हात तिसऱ्याचाच, आणि वर 'आजोबांच्या काळचा' अशी थाप. बाजार अशा जोडकामांनी भरला होता. बाईंनी 'जोडकाम' म्हटलं, की विकणारा मुकाट्याने जाहिरात काढून घेई.

निकाल सांगायचीही रीत होती, तीसुद्धा मिस्त्रीचीच. निकाल आधी, कारणं मागून. "कारणं आधी सांगत बसलं की गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला गुंडाळतायत. एका शब्दात निकाल द्यायचा, मग ज्याला ऐकायचं तो ऐकतो." म्हणून बाई पहिल्या मेसेजमध्ये एकच शब्द पाठवत. मग चहा घेऊन बसत आणि दुसऱ्या मेसेजमध्ये कारणं लिहीत.

घरात त्यांच्यासोबत नणंद होती, मिस्त्रीची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, दिवसभर मशीनवर पडदे शिवायची आणि तोंडाचीही सुई थांबू द्यायची नाही.

"वहिनी, जगाचे भाव सांगतेस," ती म्हणे, "कधीतरी भाजीवाल्याला पण सांग. काल त्याने तुला गिलके म्हणून काय दिलंय बघ."

"त्याचे स्क्रू दिसत नाहीत गं," बाई म्हणत.

हसणं तेवढंच. कारण त्या घरात न बोलायची एक गोष्ट होती, आणि ती कपाटाच्या वर, फोनोएवढ्या रिकाम्या जागेत बसलेली होती.

बाईंना एक लेक. लहानपणी तिला तापाचं मोठं दुखणं झालं होतं. महिनोन्‌महिने अंथरुणावर, बाहेर जायचं नाही, खेळायचं नाही. तेव्हा मिस्त्रीने तिच्यासाठी एक फोनो बांधला. दुकानात तीन मोडके पडले होते. एकाची पेटी धड होती, एकाचा हात, एकाचा फुलासारख्या पाकळ्यांचा कर्णा, तोही एका पाकळीला चेपलेला. यंत्राच्या दांड्याचे आटे झिजले होते, कुठलीच चावी बसेना. मिस्त्रीने स्वतः नवे आटे पाडले, त्यांना बसेल अशी चावी घडवली आणि तिच्या मुठीला लेकीचा लाकडी भोवरा बसवला. "पोरीला सध्या भोवरा फिरवता येत नाही ना," तो म्हणाला, "मग भोवऱ्यानेच फोनो फिरवू दे." त्या मापाची चावी जगात एकच. लेक उशीला टेकून चावी द्यायची आणि गाणं संपत आलं, आवाज जाड व्हायला लागला, की मोठ्याने हसायची.

"तीन मेलेल्यांतून एक जिवंत केला," मिस्त्री म्हणायचा. तो गेल्यावर फोनो कपाटावर राहिला.

लेक मोठी झाली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. एका संध्याकाळी येऊन टेबलासमोर बसली. बाई चष्मा कपाळावर चढवून एका फोनोच्या साउंडबॉक्सचा थरथरता पातळ पडदा उजेडात धरून बघत होत्या.

"आई, मी लग्न करतेय. तो ॲम्ब्युलन्स चालवतो. त्याला एक मुलगी आहे, लहान. आधीची बायको वारली त्याची."

बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांची सवय. तोंडातून एक शब्द निघाला.

"जोडकाम."

लेकीला आधी वाटलं थट्टाच आहे. ती हसली. मग आईच्या तोंडाकडे बघून तिचं हसू ओसरलं. तिने कपाटाकडे बोट केलं.

"आणि बाबांनी केलाय तो काय आहे?"

"तो फोनो आहे. तू माणूस आहेस."

"तो काय आहे, ते सांग ना. तुझ्या भाषेत."

बाईंनी चष्मा खाली ओढून कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जोडकामच. पण ऐक माझं..."

लेक ऐकायला थांबली नाही. खुर्ची ओढून कपाटावरचा फोनो काढला, पोटाशी धरला, भोवऱ्याची चावी मुठीत घट्ट आवळली. "माझं जोडकाम मी घेऊन जाते," ती म्हणाली, आणि दाराबाहेर पडली.

बाईंकडे कारणं होती. पुष्कळ होती. आई गेलेलं पोर दुसरीला आई म्हणायला किती वर्षं घेईल. रात्री-अपरात्री निघून जाणारा नवरा. लेकीचा दमलेला जीव, लहानपणच्या तापाने आतून झिजलेला. आणि सगळ्याच्या खाली एक उघडं कारण, की घरात आता आपण एकट्या राहणार. यातलं एकही सांगायचं झालं नाही. पोचला तो निकाल तेवढा.

लग्नाच्या दिवशी लेकीचा फोन आला तेव्हा नणंदेने उचलला. बाईंनी हातानेच खूण केली, मी घरात नाही. नणंद फोनमध्ये म्हणाली, "तुझी आई घरात नाही म्हणून सांगतेय." पण तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आधीच आला होता. पुढे बाईंनी कितीदा तरी नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत तोडला. मग एकदा धीर करून वाजू द्यायचं ठरवलं, तर नंबरच बंद झालेला.

तेव्हापासून बाईंना एक खोड लागली. सकाळी उठून पाणी प्यायच्या आधी साइट उघडायची आणि विकायला आलेले सगळे फोनो बघायचे. चेपलेल्या पाकळीचा कर्णा दिसला नाही, की त्यांचा जीव भांड्यात पडे. त्यांनी मनाशी एक हिशोब मांडला होता. तो फोनो बाजारात नाही, याचा अर्थ लेकीचं बरं चाललंय. हसत असेल, जेवत असेल, रात्री झोप लागत असेल. लेकीची खुशाली कळायची दुसरी सोय त्यांनी स्वतःच्या हातांनी बंद केली होती. ही एक उरली होती.

नणंद बघत असे. एकदाच बोलली. "वहिनी, जाहिरात न दिसणं म्हणजे पत्र नव्हे."

"मला तेवढं पुरतं," बाई म्हणाल्या.

बाईंच्या गिऱ्हाइकांत एक दातांचे डॉक्टर होते. फोनोंचं वेड इतकं, की बायकोच्या धाकाने एक्स-रेच्या खोलीत लपवून ठेवत. "पेशंट कर्णा बघतो आणि विचारतो, डॉक्टर, यानेच दाढ काढणार का?" असं सांगून स्वतःच हसत. त्या दिवशी दुपारी त्यांचे फोटो आले. खाली नेहमीची ओळ.

बाईंनी सवयीप्रमाणे आधी तळ पाहिला. मग कर्ण्याची मान. मानेच्या पट्टीला चार स्क्रू, त्यातला एक वेगळ्या डोक्याचा. शिलाई मशीनचा. तो स्क्रू नणंदेच्या मशीनमधून काढला होता, आणि त्यावरून बहीण-भावाचं आठवडाभर वाजलं होतं.

पुढचा फोटो बघायची गरज नव्हती. तरी पाहिला. चेपलेली पाकळी.

जाहिरातीत लिहिलं होतं, "बाबांचा फोनो. चालू आहे. योग्य ती किंमत."

"काय झालं गं?" नणंदेने मशीनचं चाक हाताने थांबवलं. बाईंनी फोन तिच्यापुढे धरला. नणंदेने फोटो बोटांनी मोठा केला. मग हळूच म्हणाली, "माझा स्क्रू."

बाईंनी डॉक्टरांना लिहिलं, "आवाज पाठवायला सांगा." एवढं होऊनही रीत चुकली नाही.

आवाज आला. चावी देण्याची करकर. मग यंत्र सुटलं. तीच ती सूर लावल्यासारखी घरघर, मधे एका जागी किंचित अडखळणारी. मिस्त्री म्हणायचा, ही याची उचकी आहे, ही काढायची नाही. घरघर संथ झाली, जाड झाली, थांबली. आणि थांबल्यावर, फोन बंद व्हायच्या आत, एका लहान मुलीचा आवाज आला.

"आई, मेलं का गं ते?"

आणि लेकीचा आवाज, अगदी जवळून. "नाही गं राणी. दमलंय."

बाईंनी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. नणंद डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आई म्हणाली ती पोर. ऐकलंस का? आई म्हणाली."

"ऐकलं. पण तू खोली ऐकलीस का?"

"खोली?"

"भरलेल्या घरात आवाज गाद्या पितात, पडदे पितात, कपाटं पितात. हा भिंतींवरून परत येतोय. खोलीत काही नाही. घर रिकामं केलंय त्यांनी. कुठेतरी निघालेत."

नणंदेने हातातला पडदा बाजूला टाकला. "मग बसलीस काय? साइटवरून विकणाऱ्याला निरोप जातो ना? लिही, मी तुझी आई आहे. एवढंच लिही."

बाईंनी लेकीच्या नावाने कोरी चौकट उघडली. 'मी तुझी' एवढं लिहिलं. पुढचा शब्द टाइप होईना. ज्या बाईने लग्नाच्या दिवशी 'घरात नाही' म्हणून हात हलवला, तिने आता कुठल्या तोंडाने तो शब्द लिहायचा? आणि त्यावर उत्तर आलंच नाही तर? अजून निदान लेक कुठेतरी आहे आणि कदाचित बोलेल, एवढं तरी होतं. त्यांनी ते दोन शब्द पुसले.

मग त्यांना वाटलं, दुसरी वाट आहे. डॉक्टरांना भाव कळवायचाच आहे. कारणांत सगळं लिहायचं. ही पेटी कुणाची, हा हात कुणाचा, ते कुणी जोडलं, कुणासाठी जोडलं, ते कसं टिकलं. डॉक्टरांना म्हणायचं, हे विकणारीला जसंच्या तसं दाखवा. लेक वाचेल. समजेल. पण निकाल काय द्यायचा? 'असल' लिहिलं तर डॉक्टर भरभरून देतील, पण ते खोटं. आणि ते खोटं लेकीला सगळ्यात आधी कळेल, तिला भीक घातल्यासारखं होईल. बाईंनी उभ्या जन्मात खोटा निकाल दिला नव्हता. मिस्त्रीने जे जोडलं ते जोडलं म्हणण्यात त्याचा मानच आहे, हे कारणांत नीट समजावता येईल.

त्यांनी पहिला मेसेज पाठवला. एक शब्द.

मग चहा न ठेवताच दुसरा लिहायला बसल्या. आजवर लिहिलेल्या सगळ्या कारणांत हे सगळ्यात लांब होतं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तापाबद्दल लिहिलं. भोवऱ्याबद्दल लिहिलं. 'जोड पक्की आहे' असं लिहून त्यावर खूप वेळ थांबल्या. नणंद मागे उभी राहून वाचत होती, मधेच म्हणाली, "माझ्या स्क्रूचं पण लिही." बाईंनी तेही लिहिलं.

पाठवलं तेव्हा डॉक्टरांचं लगेच उत्तर आलं. "बाई, एवढं कशाला? सौदा झाला पण! तुमच्या एका शब्दावर मनातल्या भावाच्या निम्म्यात मिळाला."

दोन पेशंटच्या मधल्या फटीत डॉक्टरांनी जाहिरातीच्या खाली सगळ्यांना दिसेल असं चिकटवलं होतं, "रास्तबाईंचा निकाल: जोडकाम." घासाघीस करताना ते नेहमी असंच करत. बाईंना ते ठाऊक होतं. आज आठवलं नव्हतं.

त्याच्या खाली लेकीने लिहिलं होतं, "रास्तबाईंचं बरोबर आहे. जोडकामच आहे. पण अजून चालतंय. द्याल ते द्या आणि घेऊन जा."

आणि जाहिरातीवर आडवा शिक्का, विकलं गेलं. निरोपाची चौकटही त्यासरशी बंद झाली होती.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. एरवी त्या कधी आवाज चढवत नसत.

"डॉक्टर, कुणाच्या परवानगीने चिकटवलंत ते?"

"अहो बाई, दरवेळी चिकटवतो..."

"कारणं यायची होती अजून!"

"जोडकामाला कारणं काय असतात, बाई?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग शांतपणे म्हणाल्या, "आणायला कधी जाताय? मी येणार तुमच्याबरोबर."

ठरलं सकाळचं होतं. बाई तयार होऊन टेबलाशी बसल्या होत्या. साडी दोनदा बदलली. काय न्यावं कळेना, म्हणून नणंदेने त्या लहान पोरीसाठी उरलेल्या कापडाचा एक फ्रॉक शिवला, मापाचा अंदाज नुसत्या आवाजावरून. "तू एकटीच ऐकून सांगतेस होय?" ती म्हणाली. पण डॉक्टरांचा फोन आला. एका पेशंटची अक्कलदाढ आडवी वाढलीय, निघता निघत नाहीये, थोडं उशिरा जाऊ. बाई वाट बघत राहिल्या. दाढ काही निघेना. गाडी दाराशी आली तेव्हा उन्हं कलली होती.

जुनी चार मजल्यांची इमारत. जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी सतरंजी वाळत टाकलेली. वरच्या मजल्यावर दार सताड उघडं आणि आत काहीच नाही. शेजारच्या दारातून एक बाई हात पुसत बाहेर आली.

"फोनोवाले का? आता येताय? ते गेले की हो दुपारीच. सामानाची गाडी आली, थांबेना तो ड्रायव्हर." तिने आपल्या घरातून फोनो आणून दिला, चादरीत गुंडाळलेला. "तुमच्यासाठी ठेवून गेलीय. पैसे माझ्याकडेच द्या म्हणाली, माझं थोडं देणं होतं तिच्याकडे."

डॉक्टरांनी चादर सोडवली. "याची चावी?"

"चावी नाही दिली. म्हणाली, चावी विकायची नव्हती."

डॉक्टर कुरकुरायला लागले. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि विचारलं, "कुठे गेले?"

"त्याला लांब कुठे नोकरी लागली. गावाचं नाव सांगितलं होतं, पण माझ्या लक्षात राहील तर शपथ. जुना नंबर बंद केलाय, तिकडे गेल्यावर नवा देईन म्हणाली. तुम्ही कोण?"

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग चादरीकडे.

"मी भाव सांगणारी."

"अगोबाई, म्हणजे तुम्हीच का त्या!" शेजारीण म्हणाली. "सकाळपासून म्हणत होती, घेणाऱ्याबरोबर एक बाई येतील बहुतेक. पोरीला घेऊन इथे जिन्यातच बसली होती, ही बघा, या पायरीवर. खाली गाडी वाजली की उठून बघायची. शेवटी नवराच म्हणाला, चल आता." मग आवाज खाली करून, "गुणी हो पोर. ती पोरगी तिच्या पोटची नाही, हे मला कित्येक दिवस माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं तेव्हा मीच खुळ्यासारखी बघत राहिले."

बाई त्या रिकाम्या खोलीत गेल्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, लहान मुलाची उंची मोजल्याच्या, एकीवर एक चढत गेलेल्या. भिंतीलगत, टेबल असावं तिथे, रंग बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ राहिला होता आणि त्यात मागे वळलेल्या कर्ण्याची पुसट सावली उमटली होती. म्हणजे हा कपाटावर पडून नव्हता, इथे हाताशी रोज वाजत होता. धूळ सगळीकडे बसली होती, त्या सावलीपुरती सोडून.

बाईंनी लेकीला घरात ज्या नावाने हाक मारायच्या, त्या नावाने एकदा हाक मारली. हळूच. भिंतींनी ती परत फेकली, फोनवर ऐकली होती तशी. हाच तो आवाज. खोली हीच.

दारात डॉक्टर उभे होते. त्यांना आत्ता कळलं. दात काढताना माणसांच्या डोळ्यांतून पाणी येतं ते त्यांनी रोज पाहिलं होतं, पण आता कुठे बघावं तेच त्यांना सुचेना. "बाई," ते म्हणाले, "मी ते चिकटवलं नसतं तर..."

"तुम्ही काय केलंत? शब्द माझा होता," बाई म्हणाल्या. शेजारणीला त्यांनी आपला नंबर लिहून दिला, फ्रॉकची पिशवी दिली, आणि ती पोचवणार कशी हे दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

डॉक्टरांनी गाडी सुरू केली. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, "चावी लेथवाल्याकडून करून घेऊ आपण. आटे मोजून देईल तो."

"देईल," बाई म्हणाल्या. "पण नको."

"मग चावीशिवाय हा मुका. मुक्या जोडकामाचा रास्त भाव काय धरायचा?"

"घरी चला, सांगते," बाई म्हणाल्या. घरी आल्यावर काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं. आत मिस्त्रीने आयुष्यभर जपलेला एकच फोनो होता. असल. तळापासून सुईपर्यंत असल. ज्यासाठी डॉक्टर दर भेटीत त्या कपाटाकडे बघून आवंढा गिळत. बाईंनी तो काढून त्यांच्या हातात दिला आणि चादरीतला आपल्या टेबलावर ठेवला.

डॉक्टर घाबरून मागे सरले. "बाई, हे काय? हा सौदा रास्त नाही."

"तुमचं तोंड वाकडं झालंय, माझंही झालंय," बाई म्हणाल्या. "रास्त आहे. न्या."

नणंद दारातून सगळं बघत होती. डॉक्टर गेल्यावर ती आली, फोनोच्या मानेपाशी वाकली आणि बोटाने आपला स्क्रू चाचपला. बाईंनी कपाटाकडे पाहिलं, पण फोनो वर ठेवला नाही. टेबलावरच राहू दिला, चावीचं भोक आपल्या बाजूला करून.

दुसऱ्या दिवशी साइटवर एक नवी जाहिरात लागली. विकायची नव्हती, हवी असल्याची होती. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ती वाचून चुकल्यासारखं वाटलं, कारण बाईंची रीत त्यात उलटी झाली होती. कारणं आधी आली होती.

"तीन मोडक्या यंत्रांतून एका बापाने आजारी मुलीसाठी एक फोनो केला. पेटी एकाची, हात दुसऱ्याचा, कर्णा तिसऱ्याचा, एक स्क्रू आत्याच्या मशीनचा. जोडणाऱ्याने जीव लावून जोडलं. कुठल्याही असलापेक्षा जास्त वर्षं चाललं. घरात वाजत राहिलं, त्याची खूण भिंतीवर आहे, मी पाहिली. तपासणाऱ्या बाईला स्क्रू दिसत होते, जोड दिसली नाही. उशीर झाला, तोही तिचाच. या फोनोची चावी हवी आहे. मुठीला लाकडी भोवरा आहे. निकाल: जोडकाम. किंमत: मागाल ती."

रास्तबाईंच्या नावाखाली 'मागाल ती' हे लोकांनी पहिल्यांदाच वाचलं. काहींना वाटलं बाई थट्टा करतायत, काहींना वाटलं फोन चोरीला गेला. मग गावोगावच्या लोकांनी आपापल्या अडगळीतून चाव्या शोधून फोटो पाठवायला सुरुवात केली. गंजलेल्या, वाकड्या, हस्तिदंती मुठीच्या, बिनमुठीच्या. बाई प्रत्येक फोटो मोठा करून आटे बघतात. मूठ बघतात. आणि प्रत्येकाला मान देऊन लिहितात, "आभारी आहे. ही नव्हे."

सकाळी उठून पाणी प्यायच्या आधी त्या अजून साइट उघडतात. आता बाजारातले फोनो बघत नाहीत. आपल्याच जाहिरातीखाली काही आलंय का, ते बघतात.